घर कुणाचे : सिंगापूर ते पिनांग, आठ दिवस

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५. तोआ पायोह, सिंगापूर

विमानतळावरून भाचीच्या घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. इमारतीच्या आवारात शिरताना सर्वांत आधी नजरेत भरले ते झेंडे. तळापासून वरपर्यंत, जवळजवळ प्रत्येक मजल्याच्या कठड्याला, एकाच मापाचे लाल-पांढरे झेंडे बांधलेले होते. येत्या शनिवारी, ९ ऑगस्टला, सिंगापूर स्वतंत्र देश होऊन साठ वर्षे पूर्ण होणार होती. त्या दिवशी मी मात्र क्वालालंपूरला असणार होतो, म्हणजे ज्या संसदेने सिंगापूरला बाहेरची वाट दाखवली तिच्याच गावात. हा योगायोग नव्हता. तिकिटे काढताना मी तसे मुद्दाम जुळवून आणले होते.

नोकरीची बत्तीस वर्षे मी मुंबईत इमारतींच्या पुनर्विकासाच्या फायली वाचण्यात घालवली. त्यामुळे परगावी गेलो तरी मी आधी जिन्याची भिंत, पाण्याच्या टाकीची जागा आणि लिफ्टजवळची सूचना पाहतो. या प्रवासातला माझा प्रश्नही त्याच सवयीतून आला होता. १९६३ ते १९६५ अशी जेमतेम दोन वर्षे एका देशात नांदलेल्या सिंगापूर आणि मलेशिया यांनी वेगळे झाल्यावर, घर कुणाला, कुठे आणि कोणत्या अटीवर द्यायचे याची इतकी निराळी उत्तरे का काढली असतील?

भाचीची इमारत सरकारी गृहनिर्माण मंडळाची, म्हणजे एचडीबीची आहे. या मंडळाची स्थापना १ फेब्रुवारी १९६०ची, आणि आज देशातल्या रहिवाशांपैकी सुमारे ८० टक्के लोक त्याने बांधलेल्या घरांत राहतात. तळमजल्यावर घरे नाहीत. खांबांवर उभ्या असलेल्या त्या मोकळ्या जागेला येथे व्हॉइड डेक म्हणतात. आज तेथे एका चिनी कुटुंबाने मयताचा मांडव घातला होता. गोल टेबलांवर शेंगदाण्यांच्या बशा होत्या आणि लोक हलक्या आवाजात बोलत बसले होते. परवा येथेच एका मलय मुलीचे लग्न लागले, असे भाचीने सांगितले. जेवताना तिला विचारले, घर स्वतःचे का? ती हसून म्हणाली, ‘मामा, अजून चव्वेचाळीस वर्षं तरी आमचंच आहे.’

मंडळाची घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली जातात. ही इमारत १९७०ची, म्हणजे पंचावन्न वर्षे सरली. घराचे पैसे बहुतांशी सीपीएफमधून आले. ही येथली सक्तीची भविष्यनिर्वाह योजना १९५५पासून चालू आहे, आणि पंचावन्न वर्षांपर्यंतच्या कामगाराच्या पगारातून २० टक्के व मालकाकडून १७ टक्के रक्कम तिच्यात जमा होते. १९६८मध्ये हे पैसे घरासाठी वापरण्याची मुभा मिळाली आणि भाडेकरूंचे हे शहर घरमालकांचे झाले. नुकताच जन्मलेला, सैन्य नसलेला, स्थलांतरितांचा देश टिकवायचा तर प्रत्येकाच्या पायाखाली राखण्यासारखे काहीतरी हवे, असा पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचा हिशेब होता. राखायला स्वतःचे काही नसेल तर लढायला कोण उभे राहील, हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

मंगळवार, ५ ऑगस्ट. बुकित हो स्वी, डक्सटन

सकाळी बुकित हो स्वीला गेलो. २५ मे १९६१ रोजी येथल्या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे १६ हजार माणसे उघड्यावर आली. वर्षभरात त्याच भागात मंडळाच्या इमारती उभ्या राहू लागल्या. आज तेथे टेकडीच्या उतारावर नीटनेटक्या चाळीवजा इमारती आहेत, मुले बास्केटबॉल खेळतात, आणि आगीची आठवण सांगणारा एक फलक आहे, ज्यापाशी मी उभा होतो तेवढ्या वेळात दुसरे कोणी थांबले नाही.

बांधकामाच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. जमीन कशी मिळाली याचा विचार फायली वाचणारा माणूस करतो. १९६६च्या भूसंपादन कायद्याने सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेणे अतिशय सोपे झाले. पुढे मोबदल्याचा दर ३० नोव्हेंबर १९७३च्या किमतीला बांधला गेला, आणि बाजारभाव देण्याची पद्धत थेट २००७मध्ये परत आली. आज बेटावरची सुमारे ९० टक्के जमीन सरकारच्या मालकीची आहे. स्वस्त घरे स्वस्त जमिनीवर उभी राहिली, आणि जमीन स्वस्त झाली ती जुन्या मालकांच्या खिशातून. आमच्याकडे एका भूखंडाच्या संपादनात दोन पिढ्या जातात, म्हणून हा कायदा वाचताना प्रथम हेवा वाटतो. मग आपण त्या जुन्या मालकाच्या जागी असतो तर, असा विचार येतो आणि हेवा थोडा ओसरतो. लोकांनी हे सोसले त्याला एक कारण असे, की घेतलेल्या जागेवर खरोखरच घरे झाली आणि ती खरोखरच मिळाली. त्यात गैरव्यवहार झाला तर मंत्र्यालाही सोडले जात नसे. गृहविकास खाते सांभाळणारे मंत्री तेह चेआंग वान यांनी लाचेच्या आरोपांची चौकशी चालू असताना, डिसेंबर १९८६मध्ये, स्वतःचे जीवन संपवले.

दुपारी डक्सटनच्या पन्नास मजली इमारती पाहिल्या. सात मनोरे, १,८४८ घरे, आणि २६व्या व ५०व्या मजल्यावर सर्व मनोऱ्यांना जोडणारे बाग-पूल. सरकारी वसाहतीच्या गच्चीवर जाण्यासाठी परक्याला तिकीट काढावे लागते, हे मी प्रथमच पाहिले. ही जागा तांजोंग पागारमध्ये येते, आणि हा ली क्वान यू यांचा १९५५पासून २०१५च्या मृत्यूपर्यंतचा मतदारसंघ. वरून बंदरातले कंटेनर रंगीत ठोकळ्यांसारखे दिसत होते. येथली काही घरे फेरविक्रीत दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली आहेत. पण पट्टा संपला की पुढे काय? २०१७मध्ये तेव्हाचे गृहविकासमंत्री लॉरेन्स वाँग यांनी लोकांना स्पष्ट आठवण करून दिली होती, की मुदत संपली की घर सरकारकडे जाते, आणि प्रत्येक जुनी इमारत पुनर्विकासात घेतली जाईल असे धरून चालू नये. तेच वाँग मे २०२४पासून पंतप्रधान आहेत. गेलांग भागातल्या १९१ घरांचा साठ वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ती घरे बिनमोबदला सरकारजमा झाली. ती मंडळाची नव्हती, खाजगी होती; तरीही तो दिवस येथल्या बऱ्याच लोकांच्या ध्यानात आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट. पोतोंग पासिर

तोआ पायोहहून कलांग नदी ओलांडली की पोतोंग पासिर येते. चालत अर्धा तास. भाचीला वाटले, मामाला बागेत जायचे असेल. मला लिफ्ट पाहायच्या होत्या.

जुन्या काळी मंडळाच्या इमारतींत लिफ्ट ठरावीक मोजक्याच मजल्यांवर थांबत असे. बाकीच्यांनी एक-दोन मजले चढायचे वा उतरायचे. रहिवासी म्हातारे होऊ लागले तेव्हा प्रत्येक मजल्यावर लिफ्ट देण्याची योजना आली, आणि भाचीच्या इमारतीला बाहेरून चिकटवलेला लिफ्टचा मनोरा त्या योजनेतलाच आहे. मात्र १९९७च्या निवडणुकीत पंतप्रधान गोह चोक टाँग यांनी उघडपणे सांगितले होते, की वसाहतींच्या सुधारणेत सत्ताधारी पक्षाला निवडून देणाऱ्या भागांना आधी स्थान मिळेल. पोतोंग पासिरने १९८४पासून विरोधी पक्षाच्या च्याम सी टाँग यांना निवडून दिले होते आणि पुढेही देत राहिले. सत्तावीस वर्षे.

उतरत्या छपरांच्या त्या प्रसिद्ध इमारतींखाली एक वृद्ध गृहस्थ कॉफी घेऊन बसले होते. मी लिफ्टचा विषय काढताच त्यांनी बोटांवर मजले मोजून दाखवले: येथे थांबायची, येथे नाही, येथे नाही. बायकोचे गुडघे दुखायचे तेव्हा भाजीच्या पिशव्या ते खालच्या मजल्यावरून वर नेत. मग मत बदलले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, त्यासाठी मत बदलायचे असते तर पहिल्याच वेळी बदलले असते. २०११मध्ये च्याम दुसरीकडून उभे राहिले, त्यांच्या पत्नी येथून लढल्या आणि सत्ताधारी पक्षाने ही जागा ११४ मतांनी जिंकली. यंदाच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे ६५.६ टक्के मते आणि ९७पैकी ८७ जागा मिळाल्या. १९५९पासून सत्ता त्यांच्याच हाती आहे. या कार्यक्षम सरकारबद्दल मला आदर आहे, पण लिफ्ट हे बक्षीस नव्हे, हे त्या कॉफीच्या टेबलाशी बसून अगदी स्वच्छ दिसले.

रात्री भाचीने संगणकावर एक तक्ता उघडून दाखवला. १९८९पासून येथे प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक परिसरात कोणत्या वंशाची किती घरे असावीत याच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत. इमारतीत चिनी ८७ टक्के, मलय २५ टक्के, भारतीय व इतर १५ टक्के. परिसरासाठी प्रत्येकी तीन टक्के कमी. मर्यादा भरली की त्या वंशाच्या माणसाला तेथे घर फक्त आपल्याच वंशाच्या विक्रेत्याकडून घेता येते. हे आकडे दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने लागतात. ‘आम्ही तीन घरं पसंत केली होती मामा, तिन्ही इमारतींत भारतीयांचा कोटा भरलेला.’ चौथे मिळाले ते एका तमिळ कुटुंबाकडून. उलट बाजूही तिने सांगितली: चिनी मर्यादा भरलेल्या इमारतीत भारतीय वा मलय मालकाला चिनी ग्राहकाला घर विकता येत नाही, ग्राहक थोडे उरतात आणि किंमत उतरते. २०२२पासून अशा अडलेल्या मालकांचे घर स्वतः विकत घेण्याची सोय मंडळाने ठेवली आहे. १९६४च्या चिनी-मलय दंगली पाहिलेल्या पिढीने हा नियम केला. व्हॉइड डेकवर मयत आणि लग्न एकाच आठवड्यात, एकाच खांबांमध्ये होते, त्यामागे हा तक्ता आहे. मुंबईत ‘आमच्या सोसायटीत अमुक लोक नकोत’ हे कोणी लिहून देत नाही, पण घर शोधणाऱ्याला ते दारातच कळते. त्यापेक्षा एक तारखेला लागणारा आकडा बरा की वाईट, यावर आमचा वाद अकराला संपला आणि निकाल लागला नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट. सेतू ओलांडून क्वालालंपूर

जोहोरच्या सामुद्रधुनीवरचा सेतू १९२४चा, जेमतेम एक किलोमीटरचा. बसमधून उतरून सिंगापूरचा शिक्का, पुन्हा बस, पुन्हा उतरून मलेशियाचा शिक्का. आगमनाच्या ऑनलाइन अर्जात मी तारीख चुकीची भरली होती. ती दुरुस्त करेपर्यंत माझी बस निघून गेली आणि त्याच कंपनीच्या पुढच्या बसची वाट पाहत चाळीस मिनिटे उभे राहावे लागले. तो वेळ वाया गेला असे म्हणवत नाही. समोरून, जोहोरहून सिंगापूरकडे, मोटारसायकलींची न संपणारी रांग चालली होती. राहायचे रिंगिटमध्ये आणि कमवायचे डॉलरमध्ये, असा हजारो कुटुंबांचा रोजचा शिरस्ता आहे. १९७३पर्यंत दोन्ही चलने एकास एक बदलली जात. आज एका सिंगापूर डॉलरला तीनहून अधिक रिंगिट मिळतात. सिंगापूरहून जाणाऱ्या मोटारीची टाकी किमान पाऊण भरलेली असावी असा त्यांचा कायदा आहे, नाहीतर सगळेच पलीकडचे स्वस्त पेट्रोल भरून येतील.

सेतूच्या कडेने पाण्याचे जाड नळ जातात. १९६२च्या कराराप्रमाणे सिंगापूर जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेऊ शकते, हजार गॅलनला तीन सेन (सेन म्हणजे रिंगिटचा शंभरावा भाग) दराने, २०६१पर्यंत. वेगळे होताना घरभाग वाटला गेला, विहीर मात्र सामाईक राहिली.

जोहोर बारूहून क्वालालंपूरपर्यंत चार-साडेचार तास खिडकीबाहेर तेलमाडच तेलमाड. यांतले कितीतरी मळे फेल्डा या १९५६च्या सरकारी योजनेत भूमिहीन, मुख्यतः मलय कुटुंबांना लावून दिलेले आहेत. सिंगापूरने माणसाला मजला दिला. येथे जमीन होती, म्हणून झाडे दिली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. कंपुंग बारू

या दिवसासाठी मी प्रवास केला असे म्हटले तरी चालेल. कंपुंग बारू ही क्वालालंपूरच्या ऐन मध्यात, १९००च्या सुमारास इंग्रजांनी मलय शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेली वस्ती. येथली जमीन मलय माणसालाच विकता येते. खांबांवर उभी लाकडी घरे, खाली कोंबड्या, कठड्यावर कुंड्या, आणि त्यांच्या पाठीमागे, जणू परसात उभे असल्यासारखे, पेट्रोनासचे ४५२ मीटर उंचीचे जुळे मनोरे. जमिनीची किंमत आभाळाला भिडलेली, पण घेणारे ठरावीक, आणि एकेका तुकड्यावर वारसांची इतकी नावे, की पुनर्विकासाची प्रत्येक योजना त्यात रुतते. नासी लमाकच्या टपरीवरच्या बाईंनी सांगितले, की त्यांच्या आजोबांच्या घराच्या कागदावर सव्वीस नावे आहेत आणि त्यांतली चार माणसे त्यांनी कधी पाहिलेली नाहीत. सातबाऱ्यावरची नावे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या क्षणी परदेशात असल्यासारखे वाटेना.

१३ मे १९६९ची दंगल याच वस्तीजवळ पेटली. निवडणुकीच्या निकालावरून मलय आणि चिनी यांच्यात कापाकापी झाली. मृतांचा सरकारी आकडा १९६ आहे. त्यातून १९७१मध्ये नवे आर्थिक धोरण आले. दारिद्र्य हटवणे आणि कोणता धंदा कोणत्या वंशाचा ही ओळख पुसणे, ही त्याची दोन उद्दिष्टे. कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा, म्हणजे मलय व इतर मूळ रहिवाशांचा, वाटा १९७०मध्ये २.४ टक्के होता, तो १९९०पर्यंत ३० टक्के करायचा होता. झाला सुमारे १९ टक्के. मात्र द्वीपकल्पीय मलेशियात जवळपास निम्मी कुटुंबे दरिद्री होती, ते प्रमाण वीस वर्षांत सुमारे १५ टक्क्यांवर आले. शहरांत मलय डॉक्टर, वकील, अधिकारी दिसू लागले ते याच धोरणामुळे.

वीस वर्षांसाठी आलेले धोरण नावे बदलून अजून चालू आहे. नवा गृहप्रकल्प झाला की ठरावीक घरे भूमिपुत्रांसाठी राखीव असतात आणि राज्यानुसार त्यांना साधारण ५ ते १५ टक्के सवलत मिळते. गरीब मलय असो वा श्रीमंत, सवलत तीच. पादचारी पुलावरून नदी ओलांडून मनोऱ्यांकडे जाताना माझ्या मनात दोन्ही देशांचे तक्ते शेजारी शेजारी आले. सिंगापूर वंश विचारते ते माणसे मिसळण्यासाठी, मलेशिया विचारते ते माणसे वर आणण्यासाठी. मलेशियाचे कारण मला अधिक खरे वाटते, कारण तेथे विषमता खरोखरच वंशानुसार वाटलेली होती. पण सिंगापूरच्या नियमात निदान कोणालाही फुकट काही मिळत नाही, आणि त्यामुळे तो नियम राखण्यात कोणाचा खिसा गुंतत नाही. मलेशियाच्या धोरणाची ग्यानबाची मेख तेथेच आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट. संसद आणि पुत्रजया

१९६५ साली याच तारखेला येथल्या संसदेने सिंगापूर वेगळे करण्याचे विधेयक १२६ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. तिकडे ली क्वान यू दूरचित्रवाणीवर बोलता बोलता रडले. ती पांढरी इमारत मी सकाळी रस्त्यावरूनच पाहिली. इथेही झेंडे लागले होते, पण ते ३१ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाचे. आजच्या तारखेची आठवण रिक्षावाल्यासारखा गप्पिष्ट टॅक्सीचालकही काढेना.

दुपारी मेट्रोने पुत्रजयाला गेलो. महाथिर मोहम्मद यांनी उभारलेली ही प्रशासकीय राजधानी: कृत्रिम तलाव, रुंद पूल, हिरव्या घुमटाचे पंतप्रधान कार्यालय आणि रस्त्यावर जवळजवळ कोणीच नाही. महाथिर १९८१ ते २००३ आणि पुन्हा २०१८ ते २०२० पंतप्रधान होते, आणि गेल्याच महिन्यात त्यांनी शंभरी गाठली. प्रोटॉन मोटार, मनोरे, ही नगरी, सारे त्यांच्या कारकिर्दीतले. १९९८च्या संकटात नाणेनिधीचे न ऐकता त्यांनी भांडवलावर नियंत्रणे घातली, रिंगिट डॉलरला ३.८० असा बांधला, आणि २ सप्टेंबरला, म्हणजे दर बांधला त्याच दिवशी, उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना पदावरून काढले. आज त्या हिरव्या घुमटाखाली अन्वर बसतात. पुत्रजयाच्या जागी पूर्वी रबराचे व तेलमाडाचे मळे होते. तिथल्या तमिळ मजुरांना डेंगकिलजवळच्या सदनिकांत हलवण्यात आले. ते ना भूमिपुत्र, ना भांडवलदार, त्यामुळे कोणत्याच तक्त्यात नीट बसत नव्हते.

रविवार, १० ऑगस्ट. बटरवर्थ, पिनांग

दिवसभर आगगाडी, मग फेरीबोट. पिनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये पाऊस. लवकर झोपलो.

सोमवार, ११ ऑगस्ट. बायान लेपास आणि च्यू जेटी

१९६९मध्ये पिनांगचा मुक्त बंदराचा दर्जा गेला आणि बेकारी वाढली. त्याच वर्षी मुख्यमंत्री झालेल्या लिम चाँग यू यांनी विमानतळाजवळच्या भातखाचरांत मुक्त औद्योगिक क्षेत्र आखले, आणि १९७२मध्ये इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला जुळणी कारखाना येथे काढला. पाठोपाठ हेवलेट-पॅकार्ड, हिताची, बॉश. मलय खेड्यांतल्या मुली सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून चिपा जोडू लागल्या. त्यांच्या पगाराने किती घरांवर पत्रा जाऊन कौले आली असतील याचा हिशेब कुठल्याही धोरणाच्या खात्यावर मांडलेला नाही. बायान लेपासच्या फाटकांपाशी दुपारी पाळी सुटली तेव्हा बसमध्ये चढणाऱ्यांत मलय, चिनी, तमिळ, बांगलादेशी असे सारेच होते.

संध्याकाळी च्यू जेटीला गेलो. खाडीत रोवलेल्या खांबांवर फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना घरे, आणि मूळची सगळी कुटुंबे च्यू आडनावाची. एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुजियानहून आलेल्या हमालांनी आणि नावाड्यांनी जमीन परवडेना म्हणून पाण्यावर घरे बांधली. ही घरे आजही तात्पुरत्या वहिवाटीच्या परवान्यावर उभी आहेत. जॉर्जटाउन २००८मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या दोन वर्षे आधी शेजारच्या दोन जेट्या पाडल्या गेल्या होत्या, ही वाचली.

टोकाच्या घराच्या उंबऱ्यावर एक आजीबाई सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांच्या नातवाने दुभाष्याचे काम केले. घराचा कागद आहे का, असे मी सवयीने विचारले. आजीबाई आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली परवान्यांची चळत घेऊन आल्या, दर वर्षीचा एक, सुतळीने बांधलेली. सर्वांत वरचा यंदाचा होता. त्यांनी तो मला वाचू दिला, परत घेतला, कडा जुळवून पुन्हा सुतळी बांधली आणि सुकट निवडायला बसल्या. फळ्यांच्या फटींतून खाली भरतीचे पाणी चढताना दिसत होते.